एनक्लेक्समध्ये एकदा नापास झालेल्या सिस्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, काही वर्षं सरकारी दवाखान्यात कंत्राटावर काढली, मग खासगीत. अमेरिकेच्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, म्हणजे एनक्लेक्स-आरएन, पहिल्यांदा दिली तेव्हा नापास झाले आणि दुसऱ्यांदा पास. तेव्हापासून सिंदेवाही, आरमोरी, वणी, पुसद, कुठून कुठून फोन येतात. ड्युटी संपल्यावर रात्री साडेनऊला येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या, एकदा बसून नापास झालेल्या सिस्टरांसाठी हे आहे. ब्रदरही वाचू शकतात, त्यांचं काही वेगळं नसतं.

नापास झाले तर माझी इथली नोंदणी जाते का? नोकरीवर काही परिणाम?

नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तुमची नोंदणी तुमच्या कोर्सच्या परीक्षेवर मिळाली आहे, तिचा एनक्लेक्सशी संबंध नाही. तुम्ही सांगितलं नाही तर मेट्रनला कळणारही नाही. पुढे लायसन्स मिळालं की त्यावर कितव्या खेपेला पास झालात, तेही लिहिलेलं नसतं.

पुन्हा कधी बसता येतं?

परीक्षा घेणाऱ्या एनसीएसबीएन या संस्थेच्या नियमाने दोन परीक्षांमध्ये किमान ४५ दिवसांचं अंतर लागतं आणि वर्षात जास्तीत जास्त ८ वेळा बसता येतं. पण लायसन्स देतं ते त्या-त्या राज्याचं बोर्ड आणि प्रत्येकाची अट वेगळी असते. फ्लोरिडात ३ वेळा नापास झालात तर आधी सुधारणा कोर्स करावा लागतो. टेक्सासला कोर्स संपल्यापासून ४ वर्षांच्या आत पास व्हावं लागतं. तुम्ही ज्या राज्यातून अर्ज केला त्याच बोर्डाचं संकेतस्थळ उघडून बघा. एजंटने तोंडी सांगितलेलं धरू नका.

४५ दिवस ही बसता येण्याची मर्यादा आहे, अभ्यास पुरा होण्याची नव्हे. मी जवळपास चार महिने घेतले. नाइट ड्युटी करत असाल तर ४५व्या दिवसाची तारीख घेऊन बसू नका.

परत सगळा खर्च येतो का?

परीक्षेचा येतो. परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे नव्याने नाव नोंदवायचं, त्याचे २०० डॉलर. भारतात केंद्र घेतलं तर आंतरराष्ट्रीय शुल्काचे आणखी १५० डॉलर, वर कर. म्हणजे रुपयात तीस हजारांच्या आसपास गेलेच. काही बोर्डं पुन्हा बसण्याच्या अर्जाची वेगळी फी घेतात. हे पैसे आपल्याकडच्या खासगी दवाखान्यातल्या दोन-तीन पगारांएवढे असतात हे मला माहीत आहे. म्हणूनच तारीख ठरवण्यात घाई नको म्हणते.

कॉलेजची, कौन्सिलची कागदपत्रं पुन्हा पाठवायची का?

त्याच बोर्डाकडे फाइल चालू असेल तर सहसा नाही. पुन्हा बसण्याचा अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि नवीन एटीटी, म्हणजे परीक्षेला बसण्याची परवानगी, ईमेलवर येण्याची वाट बघायची. एटीटीवर मुदत छापलेली असते, त्या मुदतीतच तारीख घ्यावी लागते. राज्य बदलायचं ठरवलंत तर मात्र परदेशी नर्सचे कागद तपासणाऱ्या सीजीएफएनएस (आता नाव ट्रूमेरिट) यांसारख्या संस्थेकडून तपासणी, कौन्सिलची पडताळणी, सगळं नव्याने सुरू होऊ शकतं. नापास झाल्याच्या रागात राज्य बदलणाऱ्या दोघी मी पाहिल्या. दोघींचंही वर्ष कागदांतच गेलं.

नापास झाल्यावर तो जो रिपोर्ट येतो, त्याचं काय करायचं?

तो नीट वाचा. बहुतेक जणी तो रडून बाजूला ठेवतात. मीही कपाटात साड्यांखाली ठेवला होता. पंधरा दिवसांनी काढला.

त्यात मार्क नसतात. प्रत्येक विभागासमोर तीनपैकी एक शेरा असतो: पास होण्याच्या पातळीच्या वर, जवळ, किंवा खाली. विभाग आपल्या अभ्यासक्रमासारखे मेडिसिन, सर्जरी, बालरोग असे नसतात. रुग्णाच्या गरजांनुसार पाडलेले असतात. परीक्षेच्या २०२३च्या आराखड्यात सगळ्यात मोठा वाटा ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’चा, म्हणजे आधी कोणाला बघायचं, कोणतं काम कोणाला द्यायचं याचा होता, १५ ते २१ टक्के. त्याच्या खालोखाल औषधं आणि शिरेतून देण्याचे उपचार, १३ ते १९ टक्के. आहार, झोप, स्वच्छता या मूलभूत काळजीचा वाटा ६ ते १२ टक्केच.

माझा रिपोर्ट असा होता: औषधं ‘जवळ’, मूलभूत काळजी ‘वर’, मॅनेजमेंट ऑफ केअर ‘खाली’, सुरक्षितता आणि संसर्ग नियंत्रण ‘खाली’. आणि मी पहिल्या खेपेला सगळ्यात जास्त वेळ कशाला दिला होता? औषधांना. ‘खाली’वाल्या दोन विभागांची पानं तर मी चाळलीसुद्धा नव्हती. वाटलं, हे तर रोजचंच आहे, यात काय वाचायचं.

आधी ‘खाली’, मग ‘जवळ’. ‘वर’ आहे त्याला हात लावायचा तो फक्त सराव म्हणून.

माझा संगणक ८५ प्रश्नांवरच बंद पडला. मी इतकी वाईट होते का?

८५ प्रश्न हा किमान आकडा, १५० कमाल. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरवतो आणि तुम्ही पातळीच्या वर आहात की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की थांबतो. ८५वर थांबून पास होणाऱ्याही असतात, नापास होणाऱ्याही. १५०पर्यंत गेलात तर तुम्ही रेषेच्या अगदी जवळपास घुटमळत होता एवढाच अर्थ. मी १५०पर्यंत गेले होते. बाहेर आले तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकत होते.

परीक्षा देताना प्रत्येकीला पेपर अवघडच वाटतो, कारण बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न आणखी अवघड येतो. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, प्रश्न सोडताही येत नाही. एकूण वेळ पाच तास, मधल्या सुट्ट्या त्यातच धरून.

मी दहा वर्षं वॉर्डात काढली. हात चांगला आहे, डॉक्टर माझ्यावर वॉर्ड सोडून जातात. तरी नापास कशी?

याचं उत्तर लांब आहे, पण सगळ्या पानात कामाचं हेच.

आपल्या वॉर्डाने आपल्याला जे शिकवलं त्यातलं पुष्कळसं माणसं कमी असल्यामुळे शिकवलं. चाळीस पेशंटला एक सिस्टर. मग सलाईन संपली की वॉर्डातली मावशी बंद करते, ट्यूबने दूध पेशंटची आई देते, वॉर्डबॉय मामा ईसीजी काढून आणतो आणि नातेवाईक ‘सिस्टर, जरा बघा ना’ म्हणत आला की आपण ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आधी जातो. यात कुणाची चूक नाही, दुसरा इलाज नसतो. परीक्षेतल्या वॉर्डात मात्र माणसं पुरेशी असतात आणि कोणी काय करायचं याची रेघ आखलेली असते. रजिस्टर्ड नर्स तपासणी करते, निर्णय घेते, पेशंटला शिकवते, परिणाम झाला का ते बघते. ही चार कामं ती खाली कोणाला देत नाही. एलपीएन म्हणजे तिच्या खालची नर्स, तिला स्थिर पेशंट. मदतनिसाला अंघोळ, स्थिर पेशंटला भरवणं, लघवीचं माप, नेहमीचा बीपी. पेशंटची आई स्टाफमध्ये धरत नाहीत.

मी स्वतः बनवलेलं एक उदाहरण देते (खरे प्रश्न सांगायला बंदी आहे, त्याबद्दल खाली). चार पेशंट आहेत. पहिला पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेला, दुखणं दहापैकी सात. दुसऱ्याची साखर २५०. तिसरा दम्याचा, सकाळी छातीत शिट्ट्या वाजत होत्या, आता काहीच आवाज नाही, गप्प पडलाय. चौथ्याचा मुलगा सुट्टीच्या कागदासाठी काउंटरवर ओरडतोय. आधी कोणाकडे जाल?

आपल्या इथे खरं सांगायचं तर आधी ओरडणाऱ्याला शांत करतो, मग दुखणाऱ्याला इंजेक्शन. दम्याचा पेशंट शांत झाला म्हणून उलट बरं वाटतं. पण शिट्टी थांबली आणि माणूस सुस्तावला म्हणजे हवाच आत-बाहेर होत नाही. आधी तोच. हे मला माहीत नव्हतं असं नाही, विचारलं असतं तर तोंडपाठ सांगितलं असतं. सरावात असाच प्रश्न आला तेव्हा मात्र बोट दुखणाऱ्या पेशंटवर गेलं, कारण हाताला तीच सवय.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. गडचिरोली, चंद्रपूरकडच्या सिस्टरला सिकलसेल पुस्तकातून शिकावं लागत नाही. दुखण्याची लाट आलेलं पोर आपण सलाईन, डायक्लोफिनॅक आणि गरम कपड्यावर सांभाळतो. परीक्षेतल्या दवाखान्यात त्याच पोराला मॉर्फिनसारखं औषध, पाणी भरपूर, ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन, आणि मुख्य म्हणजे ते म्हणतं तितकं दुखतंय हे मान्य करायचं. ‘सवय लागेल’ म्हणून डोस टाळणारं उत्तर चूक. पेथिडिन चूक, त्याच्यापासून शरीरात तयार होणारा घटक साचून झटके येऊ शकतात. औषध पंपावर असेल तर बटण फक्त पेशंटने दाबायचं, लेकराची कीव येऊन आईने दाबलं तरी ते चूक. हे शेवटचं मी चुकवलं होतं. आपल्याकडे आई काय नाही करत?

फवारणीच्या विषबाधेचंही तसंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आपल्या भागातली प्रत्येक सिस्टर अ‍ॅट्रोपिनच्या, म्हणजे या विषावरच्या औषधाच्या, नावाने झोपेतूनही उठते. पण प्रश्नात ‘सर्वांत आधी काय’ विचारलं आणि पर्यायांत ‘स्वतः हातमोजे व गाऊन घालून पेशंटचे कपडे काढणे’ असेल, श्वास चालू असेल, तर आधी ते. आपण तर हातमोजे नसताना कपडे फाडले आहेत. आणि अ‍ॅट्रोपिन पुरे झालं हे डोळ्याच्या बाहुलीवरून ठरवायचं नाही, छातीतला स्राव सुकून श्वास मोकळा झाला का ते बघायचं.

मग दुसऱ्यांदा अभ्यास करायचा कसा? तीच पुस्तकं पुन्हा?

तीच पुस्तकं पहिल्या पानापासून पुन्हा काढली तर पुन्हा तेच होतं. मी एक दोनशे पानी वही घेतली आणि फक्त चुका लिहिल्या. क्वेश्चन बँकेतले रोज पन्नास ते पंचाहत्तर प्रश्न सोडवायचे आणि चुकलेल्या प्रत्येकाला तीनपैकी एक खूण करायची. ‘मा’ म्हणजे माहितीच नव्हती. ‘वा’ म्हणजे वाचण्यात चुकले. ‘स’ म्हणजे सवय, वॉर्डातल्या हिशोबाने उत्तर दिलं. महिन्याभराने मोजलं तर ‘स’ सगळ्यांत जास्त, मग ‘वा’. ‘मा’ सगळ्यांत कमी. मी मात्र पहिल्या खेपेला ‘मा’साठी रात्री जागवल्या होत्या.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी: ‘स. रक्त चढवताना थंडी वाजली. मी स्पीड कमी करून डॉक्टरला फोन निवडला. आधी बंद. मग नवीन सेटने सलाईन. मग फोन.’ असल्या नोंदी झोपण्याआधी वाचायच्या. बरोबर आलेल्या प्रश्नांचंही स्पष्टीकरण वाचा, कारण पुष्कळदा उत्तर बरोबर येतं आणि कारण चुकीचं असतं.

केस स्टडीचे प्रश्न आणि ‘लागू असतील ते सर्व निवडा’ यांत मार खाते.

१ एप्रिल २०२३पासून परीक्षेचं रूप बदललं. आता एकाच पेशंटवर सलग सहा प्रश्न येतात आणि ८५ प्रश्नांच्या किमान परीक्षेतही अशा तीन केस असतात. सहा प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: कोणती लक्षणं महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, आधी कशाकडे बघायचं, काय-काय करता येईल, आता काय करायचं, आणि उपयोग झाला का. हा क्रम डोक्यात बसला की निम्मी भीती जाते.

सर्व निवडायच्या प्रश्नात आता अर्धे-मुर्धे गुणही मिळतात, पण चुकीच्या खुणेला गुण कापतात. गुण शून्याखाली जात नाहीत. म्हणून ‘असूदे, तीही टिक करते’ हे सोडा. प्रत्येक पर्याय वेगळा हो-नाही प्रश्न समजून सोडवा.

औषधांची नावंच वेगळी येतात.

येतात, पण ही यादी लहान आहे. पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, अ‍ॅड्रेनालिन तिथे एपिनेफ्रिन, सॅल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, पेथिडिन तिथे मेपेरिडिन, लिग्नोकेन तिथे लिडोकेन. एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात ओट्यासमोर चिकटवा. प्रश्नात कंपनीचं नाव येत नाही, मूळ औषधाचंच येतं, हे आपल्या सोयीचं. आपल्याला कंपनीच्या नावाने औषध ओळखायची सवय, तेवढी मोडावी लागते.

माझं शिक्षण मराठी माध्यमात. इंग्रजीमुळे नापास झाले असेन का?

थोडंफार. इंग्रजी कठीण नसतं, पण शब्द टाकलेले असतात. ‘कोणत्या वाक्यावरून आणखी शिकवण्याची गरज दिसते’ असा प्रश्न आला की चार पर्यायांतलं चुकीचं वाक्य निवडायचं असतं. घाईत आपण बरोबर वाक्य निवडतो. माझ्या वहीतले ‘वा’ बहुतेक हेच. ‘फर्स्ट’, ‘इनिशियल’, ‘प्रायॉरिटी’, ‘फर्दर टीचिंग’ हे शब्द दिसले की मी माउसवरून हात काढायचे आणि प्रश्न मनात मराठीत करून घ्यायचे. हास्यास्पद वाटेल, पण माझे ‘वा’ निम्म्यावर आले.

गावात रेंज नाही, लाइट जाते. मोबाइलवर अभ्यास चालेल का?

साधे प्रश्न चालतील. केस स्टडी मोबाइलवर करू नका. खऱ्या परीक्षेत एका बाजूला नर्सच्या नोंदी, तपासण्या, बीपी-नाडीचे तक्ते वेगवेगळ्या टॅबमध्ये असतात आणि दुसऱ्या बाजूला प्रश्न. ते माउसने उघडत-मिटत वाचायचा सराव हवा. मी भाच्याचा लॅपटॉप रविवारी मागून घ्यायचे आणि गच्चीवर टाकीच्या सावलीत बसायचे, कारण टॉवर तिथेच पकडायचा. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर तेही जमत नाही, आपल्याकडचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळत नाही. चालेल?

चालणार नाही. भारतातल्या केंद्रावर ओळख म्हणून पासपोर्टच लागतो. आधार, पॅन, दवाखान्याचं ओळखपत्र काही उपयोगाचं नाही. एटीटीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपला घोळ ठरलेला: मार्कशीटवर आडनाव आधी, नाव मग, वडिलांचं नाव शेवटी. लग्नानंतर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. एकीच्या पासपोर्टवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होतं आणि अर्जात नव्हतं. पहिल्या परीक्षेनंतर लग्न झालं असेल आणि पासपोर्ट नवीन काढला असेल तर पुन्हा नोंदणी करण्याआधी बोर्डाकडे नाव बदलून घ्या.

केंद्र हैदराबादचं घ्यावं की मुंबईचं?

चंद्रपूर, गडचिरोली, वणीकडच्यांनी डोळे मिटून हैदराबाद घ्यावं. २०२४पासून नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत चंद्रपूर आणि बल्लारशाहला थांबते. मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. बुलढाणा, अकोल्याकडच्यांना मुंबईही सोयीची पडते.

आदल्या दिवशी पोचा. पहिल्या खेपेला मी नाइट करून तशीच गाडीत बसले होते. झोप गाडीत होईल असं वाटलं, समोरच्या बाकावर लग्नाचं वऱ्हाड होतं. दुसऱ्या खेपेला आदल्या दुपारी जाऊन केंद्राची इमारत, जिना, बाथरूम सगळं बघून आले. वेळेच्या अर्धा तास आधी हजर राहा. अर्धा तास उशीर झाला तर परीक्षाही जाऊ शकते आणि पैसेही. आत तळहाताचं स्कॅनिंग होतं, घड्याळ नेता येत नाही, मोबाइल पिशवीत सील करून ठेवतात. एसी गार असतो. आपल्याला ४५ अंशांची सवय, म्हणून मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता.

एक सर ‘गॅरंटी पास’ म्हणतात, आलेले प्रश्नही देतात. घेऊ का?

मीही पहिल्या खेपेला अशा एका क्लासला पैसे दिले होते. एक झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला, त्यात जुन्या पद्धतीचे प्रश्न आणि चुकीची उत्तरं. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही असं प्रत्येकीकडून आधी मान्य करून घेतात, आणि ते मोडलं तर निकाल रद्द होऊ शकतो. खोट्या कागदांबाबत तर तिकडे आता फारच कडक झालंय. जानेवारी २०२३मध्ये फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६००च्या आसपास बनावट डिप्लोमे विकल्याचं प्रकरण अमेरिकन सरकारने उघड केलं. त्यानंतर बोर्डं प्रत्येक कागद उलटसुलट करून बघतात.

घरच्यांना, शेजाऱ्यांना काय सांगायचं?

‘काऊन वं, अमेरिकेले गेली नाही का अजून?’ हे तुम्हाला किराण्याच्या दुकानात, लग्नात, एसटीत ऐकायला मिळणारच. मी ‘कागदपत्रं चालू आहेत’ म्हणायचे, ते खोटंही नव्हतं. आईला मात्र खरं सांगितलं. दुसऱ्या खेपेची तारीख आईशिवाय कोणाला सांगितली नाही. सासरी सांगायचं की नाही ते तुमच्या घरावर आहे, मी सल्ला देणार नाही.

पास झाले की लगेच जाता येतं का?

नाही. व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसास्क्रीन, म्हणजे शिक्षण-लायसन्स तपासल्याचं प्रमाणपत्र, वेगळं. शिवाय नर्स ज्या गटात येतात ती ग्रीन कार्डची ईबी-३ रांग भारतात जन्मलेल्यांसाठी दहा वर्षांहून जुन्या तारखांवर रेंगाळते आहे. पण कॅनडाही २०१५पासून हीच परीक्षा घेतं, आणि ऑस्ट्रेलियातही बाहेरून शिकून आलेल्या नर्सच्या परीक्षेचा लेखी भाग म्हणून एनक्लेक्स-आरएनच आहे. तेव्हा तारखेसाठी जीव टाकू नका. चार महिने उशिरा बसलात म्हणून या रांगेत काही फरक पडत नाही.

निकाल कधी कळतो? ती पुन्हा नोंदणी करून बघायची ट्रिक खरी आहे का?

अधिकृत निकाल बोर्डाकडूनच येतो, त्याला काही आठवडेही लागू शकतात. काही बोर्डांचा अनधिकृत निकाल कामकाजाच्या दोन दिवसांनी थोडे पैसे भरून बघता येतो. ट्रिकचं म्हणाल तर परीक्षा झाल्यावर पुन्हा नोंदणी करायला जायचं, संगणकाने अडवलं तर पास, पैसे घेतले तर नापास, असं मुली सांगतात. तिच्यावर विसंबू नका. एकीचे दोनशे डॉलर खरंच कापले गेले आणि ते परत मिळवण्यात तिचा महिना गेला. मी दुसऱ्या खेपेला दोन दिवस थांबले. निकाल उघडला तेव्हा इव्हिनिंग ड्युटीवर होते, औषधांच्या ट्रॉलीमागे उभी. तेवढ्यात सात नंबरचा नातेवाईक आला, ‘सिस्टर, सलाईन संपली.’ आधी ती बंद केली, मग पुन्हा मोबाइल काढून नीट वाचलं.